‘औदुंबर’ कवितेत पाण्यात पाय टाकून बसलंय ते कोण?

पाटीपेन्सिल

नमस्कार. चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे. प्रश्न बालकवींच्या ‘औदुंबर’बद्दल आहे. कविता आठच ओळींची, म्हणून आधी पूर्ण लिहिते.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळा सावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

पाठ्यपुस्तकात असो नसो, ही कविता मी नववीला दरवर्षी घ्यायचे. फळ्यावर रंगीत खडूंनी चित्र काढायचे: निळा झरा, हिरवी शेतं, पांढरी पायवाट आणि शेवटी फळ्याच्या कोपऱ्यात झाड. मग वहीत उत्तर उतरवून द्यायचे. निसर्गाचे शब्दचित्र, रंगांची योजना, झाडावर माणसाच्या कृतीचा आरोप म्हणून चेतनगुणोक्ती अलंकार. मुलं पाठ करायची, मी पैकीच्या पैकी गुण द्यायचे.

मागच्या महिन्यात घर आवरताना जुन्या घटक चाचणीची एक उत्तरपत्रिका सापडली. चाचणीचे पेपर आम्ही मुलांना परत द्यायचो. हिचा राहून गेला, कारण ही मुलगी दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. तांड्यावरची होती. घरचे ऊसतोडीला गेले, त्यांच्याबरोबर तीही गेली. प्रश्न होता, ‘कवितेतील औदुंबराचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.’ तिनं लिहिलं होतं:

‘हे झाड नाही. हा कोणीतरी चालून दमलेला माणूस आहे. त्याला आता परत जायचे नाही.’

एवढंच. खाली माझ्या हातची लाल शाई: ‘विषयाला सोडून. निसर्गवर्णन लिहावे.’ तीनपैकी शून्य.

तेव्हापासून ती तीन वाक्यं डोक्यातून जात नाहीत. कविता मी पुन्हा रोज वाचतेय. मला विचारायचंय ते हे की कवितेच्या ओळींमध्ये तिच्या उत्तराला आधार आहे का? ‘प्रत्येकाला वेगळा अर्थ लागतो’ असं कृपा करून सांगू नका, ते मला माहीत आहे. शब्दावर बोट ठेवून दाखवता येत असेल तर हवंय.

तापीकाठचा

बाई, नमस्कार. मी मास्तर नाही, रावेर तालुक्यात केळी लावतो. माझ्या शेताच्या बांधाला नाला आहे आणि नाल्यावर उंबर आहे, माझ्या आजोबांच्याही आधीचा. म्हणून लिहितोय.

उंबर पाण्याजवळच राहतो. विहिरीची जागा बघणारे आमच्याकडे आधी उंबर कुठे आहे ते विचारतात. नाल्याकाठच्या उंबराचं असं होतं की दर पावसाळ्यात पूर काठची माती थोडी थोडी नेतो. मुळं उघडी पडतात आणि गुडघ्यातून वाकवल्यासारखी खाली पाण्यात उतरतात. लांबून बघाल तर कुणी काठावर बसून पाय पाण्यात सोडलेत असंच दिसतं. कवीनं ते कल्पनेनं लिहिलेलं नाही. पाहिलंय म्हणून लिहिलंय. तो आमच्याकडचाच, धरणगावचा.

दुसरं. ‘काळा डोह’ आणि ‘काळिमा’ म्हटलं की शिकलेली माणसं लगेच मरणाकडे जातात. बाई, तुम्ही चाळीसगावकडच्या, तुम्हाला ऊन काय सांगायचं? वैशाखात पारा ४५ ला जातो. नाल्याचं पाणी आटून तुटक तुटक होतं आणि पाणी उरतं फक्त डोहात. गुरं तिथं, धुणं तिथं, घागरी तिथं. चार घरांच्या गावातून वाट डोहाकडे जाते ती पाण्यासाठी जाते. दुसरीकडे जाणार कुठे? आणि दुपारी बारा वाजता उघड्या शेतातून चालत येऊन उंबराखाली शिरा. तिथं अंधारून आलेलं असतं. तो काळिमा गोड लागतो की नाही ते अंगाला विचारा. सावली गोडच असते आमच्याकडे.

उंबराचं फळ फांदीच्या शेंड्याला येत नाही, खोडालाच घडांनी लगडतं. पिकलं की पाण्यात पडतं. रात्री मोटर चालू करायला गेलो की टप टप ऐकू येतं, मासे वर येतात. एवढं जिवंत झाड आहे ते. ते परत न जाणारा माणूस कसं होईल, मला पटत नाही. पोरीला शून्य द्यायला नको होतं, हे मात्र खरं. दीड तरी द्यायचा.

लगावली

बाईंनी शब्दावर बोट ठेवायला सांगितलंय, म्हणून मी फक्त शेवटच्या ओळीवर बोलतो.

आधी एक प्रयोग करा. कवितेचं शीर्षक हातानं झाका. मग सातवी आणि आठवी ओळ वाचा. पाणी झाकोळलं. कुणी? लाटांवर गोड काळिमा पसरला. कुणी? पाय टाकून पाण्यात बसला. कोण? तीन क्रियापदं होऊन जातात तरी कर्ता येत नाही. तो येतो कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दात. रचना कोड्याची आहे, फक्त उत्तर शीर्षकात आधीच सांगून ठेवल्यामुळे आपल्याला कोडं पडत नाही. उत्तर येईपर्यंत जो बसलेला असतो तो झाड नसतो. तो ‘बसला’ या क्रियापदातला कुणीतरी असतो. वाचकाच्या डोळ्यापुढे आधी माणूस येतो, मग त्याचं झाड होतं. तुमच्या विद्यार्थिनीनं कविता याच क्रमानं वाचली आणि शेवटच्या शब्दाला ती फसली नाही.

आता ‘असला’. या शब्दावर पिढ्यान् पिढ्या वाद झालेत आणि ते योग्यच आहे. एक सोपं उत्तर देतात की मात्रा भरायला घातलाय. ओळ आठ आठ मात्रांच्या आवर्तनात चालते: पाय टाकुनी / जळांत बसला / असला औदुं / बर. ‘असला’ला चार मात्रा. पण चार मात्रांचे शब्द हवे तेवढे होते. ‘हिरवा औदुंबर’ बसतं. ‘तिथला औदुंबर’ बसतं. ‘एकट औदुंबर’ म्हटलं असतं तर सगळी कविता एका शब्दात समजावून झाली असती. यातलं काहीच त्यांनी घेतलं नाही.

आज ‘असला’ म्हटलं की हेटाळणी ऐकू येते, ‘असला माणूस पाहिला नाही’ म्हणतो तशी. जुन्या वापरात तो साधा ‘अशा प्रकारचा’ आहे. पण अशा म्हणजे कशा? पुढे काही सांगितलेलंच नाही, कविता तिथं संपते. म्हणजे ‘असला’ मागे बोट दाखवतो. हा झरा, हे गाव, ही वाट, हा डोह, या सगळ्याच्या शेवटी जो असतो, तसला. शिवाय ‘बसला असला’ एका दमात म्हणून बघा. ‘घरी कुणी बसला असला तर’ म्हणतो तसं ते कानाला लागतं. ठाम आहे की नाही, तेच कळेनासं होतं. मी हा दुसरा अर्थ रेटत नाही, पण कान तो ऐकतो.

एक सावधगिरी. बालकवी १९१८ साली ५ मे रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वय २७. हे माहीत असलेला वाचक काळ्या डोहात ते मरण पाहतोच. पण कवितेला कवीचा शेवट माहीत नव्हता. भादली कवितेत आणू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

वाडीकर

बाईंना सप्रेम नमस्कार. मी नरसोबाच्या वाडीजवळ राहतो, वय ७४.

वरच्या केळीवाल्या दादांनी सगळीकडे ‘उंबर’ लिहिलंय. शेतात, नाल्यावर आपण उंबरच म्हणतो. औदुंबर कधी म्हणतो? प्रदक्षिणा घालताना. कवीनं उंबर न म्हणता औदुंबर म्हटलं तिथंच मला उत्तर मिळतं. गुरुचरित्राच्या १९ व्या अध्यायात औदुंबराचा महिमा आहे. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची आग होऊ लागली, तेव्हा लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली, त्यांत नखं रोवली आणि दाह शमला. दाह शमवणारं झाड आहे ते. इथं कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुका औदुंबराखालीच आहेत. पावसाळ्यात पाणी चढून पादुकांवरून वाहतं, दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. तेव्हा पाण्याकाठी उभं राहून मला प्रत्येक वेळी हीच ओळ आठवते.

माझ्या मते तो बसलेला योगी आहे. गाव, शेत, वाट सोडून आलेला. त्याला परत जायचं नाही हे तुमच्या मुलीनं बरोबर ओळखलं. दमलेला मात्र नाही, निवालेला आहे.

पाटीपेन्सिल

तिघांचेही आभार. एवढं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

तापीकाठच्या दादा, तुमची मुळं वाचली आणि मी फळ्यावर काढलेलं झाड आठवलं. मी सरळ खोड काढायचे, खाली दोन रेघांचं पाणी. ३१ वर्षांत पाण्यात उतरलेलं एक मूळ काढलं नाही. ‘गोड’ शब्दाला सावलीचा अर्थ मला एकदाही सुचला नव्हता, आणि आता तो मनातून जाणार नाही. कविता या मातीतली आहे, हे तुम्ही म्हणता ते मान्य. पण सावलीचं सुख एवढंच सांगायचं असतं तर त्या सावलीत कुणीतरी आलं असतं. एखादं गुराखी पोर, एखादी घागर. कवितेत माणूसच नाही. चार घरं आहेत, मळे आहेत, पायवाट आहे, म्हणजे माणसांच्या सगळ्या खुणा आहेत आणि माणूस एकही नाही. हे मला खूप उशिरा दिसलं.

वाडीकर काका, ‘औदुंबर’ आणि ‘उंबर’ हा फरक तुम्ही दाखवलात तो मोलाचा. मात्र ‘उंबर’ चारच मात्रांचा, त्यामुळे वृत्तानंही त्यांना ‘औदुंबर’कडे ढकललं असेल. आणि कवितेत पार नाही, पणती नाही, पादुका नाहीत. चार घरांच्या गावाला देऊळही दिलेलं नाही. देव आणायचा असता तर एखादी घंटा तरी वाजली असती असं मला वाटतं. पण ‘निवालेला’ हा तुमचा शब्द ठेवून घेते.

लगावली, शीर्षक झाकून वाचलं. तुम्ही म्हणता तसंच झालं. अंगावर काटा आला.

रातपाळी

मी नर्स आहे, मेडिसिन वॉर्डात २२ वर्षं. कविता मला कळते असं म्हणणार नाही, पण त्या मुलीचं उत्तर वाचून राहवलं नाही.

रात्री तीनच्या सुमाराला वॉर्डात एखादा पेशंट हमखास कॉटच्या कडेला बसलेला असतो. पाय खाली सोडलेले, हात दोन्ही बाजूंना गादीवर, मान किंचित पुढे. एक काका दहा दिवस रोज असे बसायचे. “काका, झोपा ना,” म्हटलं की म्हणायचे, “बसतो इथंच.” दुखतंय का, भीती वाटतेय का, काही हवंय का, सगळ्याला नाही. डिस्चार्जचा कागद हातात आला तेव्हाही त्यांनी चपलांकडे पाय नेले नाहीत. मुलगा बाहेर रिक्षा घेऊन थांबला होता.

ते मरायला टेकलेले नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. बरे होऊन घरी गेले. म्हणून ‘ही मरणाची कविता’ असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही, आणि ‘सावलीची कविता’ म्हणालं तरी पूर्ण पटत नाही. मुलीनंही मरणाचं नाव काढलेलं नाही. तिनं लिहिलंय, परत जायचं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी रोज रात्री त्यांच्यामधली जागा बघते.

बालकवींची ‘उदासीनता’ आम्हाला शाळेत होती. ‘काय बोचते ते समजेना’ ही ओळ अजून पाठ आहे. तिथं बोचणं आहे. इथं ते थांबलंय. ‘गोड’ हा शब्द त्यासाठी असेल का? पाणी थंड असतं आणि पाय आत गेल्यावर ते थंड आहे हेही विसरायला होतं, तसं.

पाटीपेन्सिल

रातपाळी ताई, तुमचं उत्तर काल रात्री वाचलं आणि पुस्तक घेऊन बसले. ‘पाय’ या शब्दापाशी अडकले. तुम्ही ‘पाय सोडलेले’ असं लिहिलंय, कारण मराठीत तसंच म्हणतात. पाण्यात पाय सोडून बसतात. कवीनं ‘सोडुनी’ लिहिलेलं नाही. मात्रा सारख्याच आहेत, ‘पाय सोडुनी जळांत बसला’ चाललं असतं. त्यांनी ‘टाकुनी’ लिहिलंय. ओझं टाकतात. हातपाय टाकतात. सोडलेले पाय माणूस वर ओढून घेऊ शकतो.

मग वर गेले, कवितेत ‘पाय’ आणखी कुठे आहे ते बघायला. एकाच ठिकाणी आहे. पाचव्या ओळीत. ‘पायवाट’.

पायवाट आहे आणि तिच्यावर पाय नाहीत. शेतांतून निघते, आडवीतिडवी जाते, कुरणांतून चालत डोहाशी पोचते. ‘चालली’ आहे ती वाट, चालणारा कोणी नाही. आणि ती डोहाशी पोचते त्यानंतर दोनच ओळींनी पाय दिसतात, पाण्यात टाकलेले. एवढ्या वाटेनं जे चालत होते ते पाय हेच. मी ३१ वर्षं ‘चेतनगुणोक्ती’ शिकवत होते, झाडाला माणसाचे पाय दिले म्हणून. ते पाय आले कुठून हे विचारलं नाही. तिनं ‘चालून दमलेला’ लिहिलं होतं. ‘चालून’ हा शब्द तिनं मनानं घातला असं मला तेव्हा वाटलं. तो पाचव्या ओळीतून घेतला होता.

ही मुलगी तांड्यावरून शाळेत रोज चालत यायची. येताना पाच किलोमीटर, जाताना पाच. पायवाटेचा रंग पांढरा का, ते वर्गात तिनंच सांगितलं होतं. पायांनी गवत मरतं आणि खालची माती पांढरी पडते म्हणून. मी “शाबास” म्हणाले आणि पांढरा खडू घेऊन फळ्याकडे वळले. हेही मला कालच आठवलं.

तिचा ठावठिकाणा माझ्याकडे नाही. तांड्यावर विचारायला पुढच्या आठवड्यात जाते आहे. पेपर बरोबर नेईन.

तापीकाठचा

बाई, मी वर पटत नाही म्हणालो होतो. तुमचं वाचून संध्याकाळी नाल्यावर गेलो आणि उंबराशी येणारी आमची वाट बघत उभा राहिलो.

पाण्याला गेलेली बाई भरली घागर घेऊन त्याच वाटेनं घरी येते. गुरं तशीच येतात. मी स्वतः मोटर लावून तसाच परत येतो. वाटेला दोन्ही दिशा असतात, आणि परतीच्या वाटेवर तर पाणी सांडलेलंही दिसतं. कवितेत परतीचं काहीच नाही. झरा वाहतो, वाट डोहाकडे चालते, आणि डोहाकडून गावाकडे काहीसुद्धा येत नाही. एक थेंब नाही.

पोरीनं ‘परत’ शब्द लिहिलाय ना?